सिमरोलकडच्या बागेचं कुंपण बदललं, चाचांच्या टीमचा रिव्ह्यू (एक उन्हाळा, एक पावसाळा काढल्यानंतर)

आधीच सांगते, लांब होणार आहे. कुंपणाचा रिव्ह्यू लावल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो, नवीन कुंपण सगळ्यांचंच सरळ उभं असतं. मागच्या वेळी मी काम संपलं त्याच संध्याकाळी फोटो-बिटो टाकून पाच स्टार देऊन मोकळी झाले होते आणि तीन वर्षांनी त्याच फोटोतले पत्रे शेजारच्या शेतातून गोळा करत होते. म्हणून यावेळी एक अख्खा उन्हाळा, एक पावसाळा जाऊ दिला. आता दिवाळी पण झाली, थंडी पडलीय, कुंपण उभं आहे, आता लिहिते.

जागा कशी आहे ते कळल्याशिवाय बाकीचं कळणार नाही. आम्ही राहतो इंदोरात राजेंद्र नगरला, पण खंडवा रोडवर सिमरोलच्या थोडं अलीकडे सासऱ्यांनी फार पूर्वी घेतलेला एक तुकडा आहे, ८० बाय ६० फूट. दोन खोल्या, एक बोअर आणि बाकी बाग: लिंबं, चिकू, दोन आंबे, सीताफळ, आणि सासूबाईंची वांगी-टोमॅटो. उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत आहे, पूर्वेला रस्त्याकडे जुना दगडी कट्टा आणि गेट. पश्चिम आणि दक्षिण बाजू मात्र उघडी, आणि प्लॉट नेमका टेकाडावर. मध्ये ना घर ना झाड, सरळ विंध्याची कड, पुढे घाट उतरला की चोरल आणि मग निमाड. उन्हाळ्यात दुपारनंतर तिकडून वारा वर चढून येतो. इंदोरात आपण शब-ए-मालवा म्हणून रात्रीच्या गार झुळकेचं कौतुक करतो ना, आमच्याकडे ती झुळूक वाळत घातलेली चादर चिमट्यांसकट घेऊन जाते. देवासकडच्या टेकड्यांवर पवनचक्क्या उभ्या केल्यात त्या काही शोभेला नाही, या पठारावर वारा आहेच, फक्त शहरात राजवाड्यापाशी उभं राहून तो कळत नाही.

तर २०२१ मध्ये आम्ही पहिलं कुंपण केलं. कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहीत नाही, जाऊ दे. निळे रंगीत पत्रे, सहा फूट उंच, दर दहा फुटांवर दोन इंची पाइप. मस्त दिसत होतं. रस्त्यावरून कोणाला आत दिसत नाही, धूळ येत नाही, सासूबाई खूष, मी खूष. पहिल्या वर्षी नुसता आवाज, रात्रभर धडाम-धडाम, आम्ही म्हटलं स्क्रू ढिले झाले असतील, कसून घेतले. दुसऱ्या वर्षी ओळ जराशी आत झुकली. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात संध्याकाळी आंधी आली, आमच्याकडे मान्सूनच्या आधी येतात तशी, आधी आभाळ पिवळं, मग धूळ, मग दहा मिनिटं काहीच दिसत नाही. ती थांबल्यावर जाऊन बघतो तर पाच पत्रे गायब आणि पश्चिमेची पूर्ण ओळ आडवी. कुंपणच शेत खातं म्हणतात, आमचं कुंपण शेजाऱ्याच्या शेतात जाऊन झोपलं होतं. एक पत्रा बाभळीत अडकला होता, जमिनीपासून दहा फूट वर. नशीब की शेतात तेव्हा कोणी नव्हतं, नांगरून ठेवलेलं होतं. पत्रा उडतो तेव्हा तो कुंपण राहत नाही, कोयता होतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी बघितलं.

आणि गंमत म्हणजे एकही पाइप मोडला नव्हता. सगळे खालच्या सिमेंटच्या गोळ्यासकट उपटून आले होते, डॉक्टरने दाढ काढावी तसे. गोळा केवढा, तर टेप लावून बघितलं, दीड फूट. म्हणजे सहा फुटांचं शीड आणि दीड फुटाची खुंटी.

आमचा मुलगा एसजीएसआयटीएसला (इंदोरचं इंजिनियरिंग कॉलेज) सिव्हिल करतोय, त्याने कागद घेऊन हिशोब मांडला तो इथे देते कारण मला तरी त्यातूनच कळलं. वारा ताशी ७२ किलोमीटर असला, म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर त्याचा दाब चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन, आपल्या भाषेत साधारण साडेचोवीस किलो. दहा बाय सहाचा एक गाळा (दोन खांबांमधला भाग) म्हणजे साडेपाच चौरस मीटरच्या वर. तर एका गाळ्यावर, आणि पर्यायाने एका खांबावर, सुमारे १३५ किलोचा धक्का, आणि हा कमीत कमी धरून, कारण मागच्या बाजूने जी ओढ लागते ती यात धरलेली नाही. आता तोच वारा निम्मा, ३६ चा असला तर धक्का निम्मा होत नाही, चौथा हिस्सा होतो, ३४ किलो. म्हणूनच रोजच्या वाऱ्यात तीन वर्षं कसंबसं टिकलं आणि दहा मिनिटांच्या आंधीत सगळं गेलं. मी त्याला म्हटलं हे २०२१ ला का नाही सांगितलंस, तर म्हणे तेव्हा मी बारावीत होतो आई.

मग नवीन कोटेशन घ्यायला सुरुवात केली. एकजण म्हणाला प्रीकास्ट सिमेंटच्या प्लेटा लावा, काहीही होणार नाही. दुसरा म्हणाला विटांची भिंतच बांधून टाका, बीम टाकून, त्याचा आकडा ऐकून आमच्या ह्यांनी त्याला चहा सुद्धा विचारला नाही. तिसरा पुन्हा पत्राच लावणार होता पण यावेळी जाड. तिघांनीही फोनवर एकच विचारलं: किती रनिंग फूट आणि किती उंची.

चौथे हे चाचा. वय साठीच्या पुढे, सोबत दोन पुतणे आणि एक भाचा, स्वतःचं दुकान नाही, लोहा मंडीतल्या एका दुकानदाराने नाव सुचवलं. (नाव-नंबर इथे देत नाहीये, त्यांनीच नको म्हटलंय, आधीच फोन थांबत नाही म्हणे. कोणाला फारच हवं असेल तर सिमरोलच्या आसपास कुठल्याही शेतावर विचारा, कळेल.) प्लॉटवर आले, टेप काढलाच नाही. आधी विचारलं, "पेले ये बताओ मैडम, हवा किधर से आती हे?" मी हात करून पश्चिम दाखवली तर म्हणाले नाही, ते झाडं सांगतायत, आणि आमच्या लिंबाकडे बोट दाखवलं. खरंच, चारही लिंबं ईशान्येकडे वाकलेली, एवढी वर्षं रोज बघतोय पण डोक्यात नाही आलं. म्हणजे वारा नैऋत्येचा, कोपऱ्यावरच येऊन आदळतो. मग त्यांनी दुसरी गोष्ट केली, भाच्याला पहार दिली आणि खड्डा घ्यायला लावला. नुसता बघायला. अजून पैशाचं बोलणं पण झालं नव्हतं.

त्या खड्ड्यावरून जवळजवळ तासभर बोलणं झालं, मालव माटी गहन गंभीर, पग पग रोटी डग डग नीर असं आपल्याकडे म्हणतातच, तर ही गहन गंभीर माटी सोयाबीन-गव्हाला सोनं आहे पण खांबाला शत्रू. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात, आमच्याकडे मेमध्ये भेगेत अख्खा हात जातो. आता खांबाभोवती ही माती असली तर पावसात ती सिमेंटला धरून वर ढकलते आणि उन्हाळ्यात त्याच्यापासून सुटते, आजूबाजूला बोटभर फट. आणि आंधी कधी येते? मेमध्ये. नेमकं जेव्हा माती खांबाला सोडून बसलेली असते तेव्हा. आमचा दीड फुटाचा गोळा अख्खा या हलत्या मातीतच होता, त्याला पकडायला खाली काही नव्हतंच.

टेकाड असल्यामुळे आमच्याकडे काळ्या मातीचा थर पातळ निघाला, दोन फुटांच्या आसपास, मग पिवळट मुरूम. चाचांनी मुरूम बघितला आणि चेहरा खुलला. म्हणाले खांबाचा पाय मुरमात गेला पाहिजे, एक फूट तरी, आणि खड्डा तळाशी रुंद करायचा, माठासारखा. वर एक फुटाचं तोंड, खाली दीड फूट. सिमेंट भरलं की तो माठ खाली अडकून बसतो, वरची माती कितीही फुगली तरी उपटून येत नाही. मुलगा म्हणाला अरे हे तर आम्हाला शिकवलंय, काळ्या मातीतल्या इमारतींसाठी रुडकीच्या सीबीआरआयने (इमारतींवर संशोधन करणारी सरकारी संस्था) असेच खाली फुगवटा असलेले पाइल, म्हणजे पायाचे खांब, काढलेत. चाचांना रुडकी वगैरे काही माहीत नाही, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलं होतं.

बाकी सल्ला साधा होता, पत्रा-प्लेट काही नको, जाळी लावा. जाळीत लोखंड म्हणाल तर क्षेत्रफळाच्या दहा-बारा टक्के, बाकी सगळी भोकं, वारा आरपार. खांबाला धक्का बसायला काही उरतच नाही. मी म्हटलं पण मग वारा बागेत येणार, माझी लिंबाची फुलं गळतात. तर म्हणाले वारा अडवायचं काम लोखंडाचं नाही, झाडाचं आहे, आमच्या गावाकडे बागड कशाची असते ते बघा. (मालव्यात कुंपणाला बागड म्हणतात, इंदोरच्या मराठी घरांत पण हाच शब्द चालतो, माझी आजी 'बागडीपलीकडे जाऊ नको' असंच म्हणायची.) भिंत बांधली तर वारा तिच्यावरून उडी मारून आत पडतो आणि आत भोवरा होतो, भिंतीला लागून असलेली झाडं वाचतात, थोडी पुढची मार खातात. हे मला पटलं कारण पत्र्याच्या काळात आमचे टोमॅटो कुंपणापासून दहा-पंधरा फुटांवरच दरवेळी लोळायचे आणि आम्ही काठ्यांना दोष द्यायचो.

सामान आम्हीच आणायचं ठरलं, ते फक्त मजुरी घेणार, फुटाला ९५ रुपये. एकूण लांबी ८० अधिक ६०, म्हणजे १४० फूट. दर आठ फुटांवर खांब, एकूण १९. खांब ५० बाय ५० बाय ६ मिलिमीटरचा एंगल (एल आकाराचं लोखंड), आठ फुटांचा, पाच फूट वर तीन फूट खाली. मी ४० चा घेऊ म्हणत होते, त्यात बरेच पैसे वाचत होते, ते म्हणाले मधल्या टेक्यांना (तिरप्या आधारांना) ४० चा चालेल, खांबाला नको. जाळी सियागंजातून घेतली, १० गेज, दोन इंची भोक, पाच फुटी. इथे एक गोष्ट सांगते, जाळी फुटावर घेऊ नका, वजनावर घ्या, आणि तारेची जाडी मोजायला व्हर्नियर बरोबर ठेवा. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटर भरायला पाहिजे, १२ गेजची अडीचच्या थोडी वर. पहिल्या दुकानात १० म्हणून जी दाखवली ती मुलाने मोजली तर २.९ निघाली, दुकानदार म्हणाला कोटिंग घासलं गेलं असेल. हो का. कोटिंग घासून तार बारीक होते हे मला पहिल्यांदाच कळलं. दुसऱ्या दुकानात बरोबर मिळाली, १४० फुटांची १८२ किलो भरली, ९६ च्या भावाने साडेसतरा हजार. एंगल लोहा मंडीतून, टेके धरून जवळजवळ अडीचशे किलो, सोळा हजार तीनशे. सिमेंट-रेती-गिट्टी दहाच्या आत, १४ बॅगा सिमेंट लागलं. तार, टर्नबकल (तार कसायचे स्क्रू), नटबोल्ट, रेड ऑक्साइड, रंग, टेम्पो सगळं मिळून साडेसहा. मजुरी १३,३००. एकूण ६३ हजारांच्या आसपास, म्हणजे फुटाला साडेचारशे. पत्रे २०२१ मध्ये फुटाला चारशेला पडले होते आणि आता भंगारात गेले, त्यामुळे महाग-स्वस्त तुम्हीच ठरवा.

काम कसं केलं? खड्डे एक नंबर. १९ पैकी १७ खड्डे त्यांनी मला बोलावून दाखवले, तळाला मुरूम दिसतोय की नाही, माठ झालाय की नाही. दोन खड्ड्यांत खाली दगड लागला, काळा बेसाल्ट, तिथे पहार वाजायला लागली, तर तिथे तेवढ्यावरच थांबून दगडात दोन सळ्या ठोकल्या आणि एंगलला वेल्ड केल्या. सिमेंट-रेती-गिट्टी एक-दोन-चार, फावड्याने नाही, घमेलं मोजून. ओळंबा प्रत्येक खांबाला. आणि सिमेंट जमिनीच्या चार बोटं वर आणून त्याला उतरती टोपी केली, म्हणजे खांबाच्या बुडाशी पाणी साचत नाही. एंगल कधी गंजतो तर तिथेच, माती आणि हवा जिथे भेटते तिथे. जुन्या पाइपांची बुडं मी बघितली होती, तीन वर्षांत पापुद्रे निघत होते. टोपीभोवती काळी माती परत न भरता उकरलेला मुरूम भरला. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी टेके, टोकाच्या दोन्ही खांबांना एकेक, आणि मध्ये पाचव्या-सहाव्या खांबाला. टेके नसते तर जाळी ताणली की कोपराच आत येतो, हे मी दुसऱ्यांच्या कुंपणांवर आता जाता-येता बघत असते, अर्ध्यांचे कोपरे आत आलेले आहेत, बायपासवर तर विचारूच नका.

आता तक्रारी. सिमेंट भरल्यावर सात दिवस पाणी मारायचं आणि मग जाळी ताणायची असं ठरलं होतं. सात दिवसांनी कोणी आलं नाही. आठव्या दिवशी फोन बंद. नवव्या दिवशी पुतण्याने उचलला, लग्न आहे म्हणे, कोणाचं तर त्याचंच. बरं बाबा, अभिनंदन, पण आधी सांगायला काय झालं? आम्ही राजेंद्र नगरहून रोज खांबांना पाणी घालायला जात होतो, पेट्रोल आमचं. पंधराव्या दिवशी आले. चाचा म्हणाले अच्छा ही हुआ, सिमेंट और पक गई. यावर काय बोलणार. दुसरं म्हणजे साफसफाई, अजिबात नाही. तारेचे तुकडे सगळीकडे टाकून गेले, सासूबाईंच्या चपलेत एक घुसला, पुढचे दोन रविवार मी आणि मुलगा लोहचुंबक दोरीला बांधून बागेत फिरत होतो. आणि तिसरी तक्रार गेटची, ती शेवटी.

जाळी ताणली ती मात्र बघण्यासारखी. ८ गेजच्या तीन तारा, वर, मध्ये, खाली, टर्नबकलने कसल्या, मग त्यावर जाळी. बोटाने वाजवली तर टण्ण वाजायची. चाचांनी जास्त पण कसू दिली नाही, म्हणाले लोखंड थंडीत आखडतं, जरा जागा ठेवा.

आता आमचा मूर्खपणा, कारण रिव्ह्यू एकतर्फी नको. जाळीतून सगळं दिसतं. रस्ता पलीकडे असला तरी दक्षिणेच्या शेतातून ट्रॅक्टरवाले आत बघत जायचे, सासूबाईंना ते अजिबात खपेना. मग आमच्या ह्यांनी हिरवी नेट आणली, शेतात सावलीला लावतात ती, ७५ टक्केवाली. चाचांना फोनवर विचारलं तर म्हणाले लावू नका, पुन्हा पत्राच झाला तो, आणि लावायचीच असेल तर सुतळीने बांधा, तारेने बांधू नका. का ते सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल, ह्यांनी ऐकलं नाही. ह्यांनी दक्षिणेचे पहिले दोन गाळे बाइंडिंग वायरने घट्ट बांधले, एकदम टाइट, दर फुटाला गाठ, इंजिनियरच जणू. मग वायर संपली म्हणून पुढचे पाच गाळे सुतळीने.

मेच्या शेवटी आंधी आली, मागच्या वर्षीसारखीच, पिवळं आभाळ वगैरे. आम्ही तिथेच होतो, खिडकीतून बघत. सुतळीचे गाळे एकामागून एक फटाफट सुटले, नेट उडून वरच्या तारेवर पदरासारखी फडफडत राहिली, खांब जागचे हलले नाहीत. तारेने बांधलेले दोन गाळे मात्र धरून बसले. नेट फाटेना, गाठ सुटेना, सगळा जोर खांबावर. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्या दोन गाळ्यांमधला खांब, ज्याला टेका नव्हता, वरच्या टोकाला दोन इंच कललेला. बुडाचं सिमेंट हललं नव्हतं, एंगल वाकला होता. आणि बाकीचे १८ एकदम सरळ. मुलाला इतका आनंद झाला की काय सांगू, म्हणे आई असा प्रयोग कॉलेजमध्ये पण करून देत नाहीत, एकच कुंपण, एकच वारा, फक्त गाठ वेगळी. ह्यांनी त्या दिवशी कोणाशी बोलणं टाळलं.

चाचा चार दिवसांनी आले (चार, त्यांच्या मानाने लवकर), खांब बघितला, हसले, वाकलेला एंगल तापवून सरळ केला आणि त्याला एक टेका लावून दिला. पैसे नाही घेतले, फक्त टेक्याचं लोखंड आणि पोहे-जलेबी. आता नेट काढूनच टाकलीय. सासूबाईंनी मधे जुन्या साड्या बांधू या अशी आयडिया काढली होती, ती आम्ही सगळ्यांनी मिळून हाणून पाडली.

आडोशासाठी आणि वाऱ्यासाठी मग जुलैत करवंदाची ४० रोपं लावली, जाळीच्या आत अडीच फूट सोडून, दोन ओळींत, एकाआड एक. मधे मधे अडुळसा, कारण बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत. जाळीला चिकटून लावू नका, नंतर खांब रंगवायला हात जात नाही आणि काटे तर विचारू नका. झाडांची बागड अर्धी भरीव अर्धी पोकळ असते, तीच वाऱ्याला सगळ्यात चांगली, वारा गाळून येतो आणि आत भोवरा होत नाही. साधारण उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो असं धरतात, म्हणजे करवंद पाच फूट झालं की पन्नास फुटांपर्यंत, आमची बाग पश्चिमेकडून मोजली तरी बरीचशी त्यात बसते. पण ते व्हायला दोन-तीन वर्षं तरी जातील, सध्या रोपं गुडघ्याच्याही खाली आहेत आणि यावर्षीची लिंबाची फुलं वाऱ्याने नेलीच. त्यामुळे नुसती जाळी लावून बागेला वारा कमी लागेल असं कोणाला वाटत असेल तर नाही लागणार, जाळी फक्त स्वतः उभी राहते आणि बकऱ्या-गुरं बाहेर ठेवते. रोजडे (नीलगाई) पण येतात कडेपर्यंत, वास घेतात, परत जातात. पाच फूट त्यांना जड नाही म्हणतात, पण अजून तरी कोणी उडी मारलेली नाही.

पावसाळ्यात मी खास लक्ष ठेवून होते, माती फुगली की खांब वर येतात का. पहिल्या पावसाच्या आधी मुलाने प्रत्येक टोपीवर रंगाने रेघ मारून शेजारच्या दगडी कट्ट्यावरून दोरी धरली होती, ऑक्टोबरात परत धरली. १९ पैकी एकही हलला नाही. कोपऱ्याच्या खांबाभोवती थोडी माती बसली होती, मुरूम भरला. दोन ठिकाणी वेल्डिंगच्या टाक्यावर गंज दिसला, तिथे रंग नीट लागला नव्हता, तो मीच घासून लावला. एवढंच.

स्टार चार. खड्ड्यांसाठी सहा द्यायला तयार आहे, पण न सांगता आठवडाभर उशीर करण्याचा आणि तारेच्या तुकड्यांचा एक कापला.

आणि गेट. गेट जुनंच आहे, फक्त बिजागर बदलून थोडं उचलायचं होतं, खाली घासतं म्हणून. ते ठरलेल्या पैशात धरलेलं होतं. अजून घासतंय. परवा फोन केला तर म्हणाले, "इतवार को पक्का आ रिया हूं." कुठला इतवार ते विचारायचं राहिलं.